खालच्या खोलीतलं नेट

आई,

तू गेलीस तेव्हा आपल्या घरात एकच फोन होता, तारेचा, जिन्याखाली, आणि त्यावर तू क्रोशाचा रुमाल घालून ठेवायचीस. आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे आणि तार फक्त घरात शिरेपर्यंत येते. तिथून पुढे एक चपटा डबा असतो, त्याला दोन शिंगं असतात, आणि तो घरभर हवेतून नेट सोडतो. त्याला राउटर म्हणतात. मागच्या महिन्यात एका रविवारी मी असल्या एका जुन्या डब्याशी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत भांडत होते. लॅबमध्ये सांगायला गेले तर सगळ्यांचं एकच म्हणणं, नवीन घ्यायचा ना. म्हणून तुला सांगतेय. तू निदान मध्ये बोलणार नाहीस.

घर तेच आहे, चारकोपच्या सेक्टरमधलं. तू असताना वर पत्रा होता, तिथे आता स्लॅब आहे आणि वरच्या खोलीत मी राहते. लग्न मोडून परत आले त्याला नऊ वर्षं झाली. ते तुला माहीत नाही, आणि त्याबद्दल आज लिहायचंही नाही. खाली बाबा असतात. ऐंशी पूर्ण झाली त्यांना. इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या वर्कशॉपात जन्मभर साच्यांच्या डाय घासल्या, ते हात अजून घट्ट आहेत, पाय मात्र ऐकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि त्यानंतर ते पुन्हा मालवणीच बोलायला लागले. इतकी वर्षं मुंबईची मराठी बोलत होते, ती ड्युटी संपल्यावर कामाचे कपडे उतरवावेत तशी उतरवून ठेवली. मी बोरिवलीला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, साडेसातला घर सोडावं लागतं. आठच्या सुमारास मनोरीहून एक बाई येतात आणि मी परत येईपर्यंत बाबांजवळ थांबतात. ख्रिश्चन आहेत, तिथल्याच जुन्या गाववाल्या. मार्व्याच्या जेट्टीपर्यंत बोटीने येतात, पुढे बसने. बाबांना काका म्हणतात, मला बाय म्हणतात. रविवारी चर्च असतं, म्हणून येत नाहीत. आणि तुझा धाकटा मेलबर्नला आहे. तू गेलीस तेव्हा बारावीत होता, आता त्याचे केस माझ्याआधी पांढरे झालेत.

दिवाळीनंतर बाबा मोरीत पडले. हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले. धाकट्याला फोनवर सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "ती बाई काय करत होती?" बाबा किती वाजता पडले ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पडले तेव्हा सकाळचे सहा वाजले होते, बाई अजून मनोरीलाच होत्या आणि मी वर झोपले होते. पण त्याने गृहीत धरलं की बाईंच्या हलगर्जीपणामुळे झालं, आणि मी ते तसंच राहू दिलं. तो म्हणाला, दुसरी बाई बघ, आणि मिळेपर्यंत खाली कॅमेरा लाव, मी इथून लक्ष ठेवतो. आठवड्याभरात कॅमेऱ्याचं खोकं कुरियरने दारात. मुठीएवढा पांढरा गोळा, त्याला एक डोळा. तो चालायला खाली नेट हवं, आणि वरच्या डब्याचं नेट स्लॅबमधून आणि आपल्या लोखंडी जिन्यातून खाली उतरत नाही. म्हणून दुसरा राउटर. बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक जुना मिळाला. दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने डब्यावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाला, चालू आहे मॅडम, टेस्ट केलेला आहे.

रविवारी बाबांचा चहा झाल्यावर मी वरच्या डब्यातून एक वायर जिन्यावरून खाली आणली, बाबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर राउटर ठेवला आणि बटण दाबलं. दिवे लागले. एक, दोन, चार. मी खूश. मग सगळे एकदम विझले आणि पुन्हा पहिल्यापासून लागायला लागले. दोन मिनिटं नीट, मग विझणार. धाकटा व्हिडिओ कॉलवर होता, जिन्याच्या मधल्या पायरीवर वरचं नेट जेमतेम येतं तिथून. तो म्हणतो, "ताई, सोपं आहे गं, मागे बारीक भोक असेल, त्यात पिन घालून दाबून धर." मी ब्लाउजची सेफ्टीपिन काढली आणि दाबून धरली. डब्यात आधीच्या मालकाने ठेवलेलं कोणातरी कुटुंबाचं नाव होतं, ते पुसलं गेलं. चांगलं झालं. मग तो म्हणतो, आता अमुक आकडे टाईप कर, डब्याचं पान उघडेल. टाईप केले. पान उघडलं, पासवर्ड मागितला, धाकट्याने सांगितलेला चाललाही. मी घाईघाईने नेटचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, ओके केलं. आणि धाकट्याचा चेहरा स्क्रीनवर तोंड उघडं असतानाच थिजला. नेट गेलं. वरचंही गेलं.

काय झालं ते कळायला मला दीड तास लागला. या डब्यांना आतून एक पत्ता असतो, घराला असतो तसा. माझ्या वरच्या डब्याचा आणि या जुन्याचा पत्ता अगदी एकच निघाला. तुला आठवत असेल, आपल्या सेक्टरात आणि पलीकडच्या सेक्टरात प्लॉटचे नंबर सारखे होते आणि आपली पत्रं तिकडे जायची. तसंच. मला वाटलं मी खालच्या डब्याला नाव देतेय, आणि मी वरच्या चांगल्या चालणाऱ्या डब्याचं नाव बदलून टाकलं होतं. तो बिचारा वर नवीन नावाने चालू होता आणि मी त्याला जुन्या नावाने शोधत होते. मध्ये कंपनीला फोन लावला, तर एक रेकॉर्ड केलेला बायकी आवाज आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणत राहिला. मी फोन पदरात टाकून जिन्यावर बसले. बाबांचं जेवण राहिलं होतं, वरण गॅसवर करपलं होतं, धाकटा मेसेजवर मेसेज टाकत होता आणि स्टुलावर तो डबा आपला लागत होता, विझत होता.

तेव्हा बाबा पलंगावरून म्हणाले, "पीन ढिली आसा ती."

मी म्हणाले, "तुम्ही गप्प बसा हो जरा. तुम्हाला यातलं काय कळतं?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आई, ते असं हल्ली लगेच करतात, भिंतीकडे तोंड. पूर्वी करायचे का? मला आठवत नाही. मला आठवतं ते तुमचं भांडण, रात्रीच्या भाकऱ्या करता करता, तू पोळपाट आपटायचीस आणि ते तोडीस तोड बोलायचे. चार वाजता डबा पिशवीत घालून मी दुकानात गेले. त्या माणसाने वायर डब्याला जोडली, बोटाने जरा हलवली आणि दिवे विझले. म्हणाला, हा अडॅप्टर याचा नाहीच मॅडम, दुसऱ्या कुठल्यातरी मशिनचा आहे, पीन सैल बसतेय. टेस्ट केलेला होता ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, टेस्ट माझ्या अडॅप्टरवर केला होता. त्याने खोक्यातून एक नीट बसणारा शोधून दिला. घरी आले, वरच्या डब्याची वायर काढून ठेवली, एकट्या जुन्या डब्याचं पान उघडलं, त्याचा पत्ता बदलला, मग वायर परत लावली. पाच वाजता दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. पीन ढिली होती हे मी बाबांना सांगितलं नाही. ते झोपले होते, असं मी स्वतःला सांगितलं.

कंपनीचा तो रेकॉर्ड केलेला आवाज ऐकताना मला तुझा फोनचा बूथ आठवत होता. सेक्टरच्या बाजाराच्या तोंडाशी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. पायाला पोलिओ म्हणून तुला तो मंजूर झाला होता, आणि ती गोष्ट तू कोणी विचारली तर सांगायचीस, नाही विचारली तर नाही. काउंटरमागे तू उंच खुर्चीवर बसतेस, कॅलिपरचा, लोखंडी पट्ट्यांच्या आधाराचा पाय सरळ पुढे, मांडीवर कोणाची तरी साडी, फॉल लावायला घेतलेली. काचेच्या केबिनमध्ये माणूस शिरतो, दार ओढून घेतो, आणि तू न बघता हात लांब करून ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवतेस. बातम्या असोत, गाणी असोत, शेतकऱ्यांसाठी हवामान असो. माणूस बाहेर आला की आवाज पुन्हा कमी. मला वाटायचं तुला रेडिओचा नाद आहे.

मी आठवीत होते. दुपारी दोन ते अडीच तू कॅलिपर काढून जरा पाठ टेकायला घरी यायचीस आणि मी बूथ सांभाळायचे. दर गुरुवारी त्याच वेळेला दोन गल्ल्या पलीकडची एक बाई यायची, कडेवर लहान मुलगी. सांगलीला बहिणीला फोन करायची. तुझी सक्त ताकीद होती की दार लागलं की रेडिओ मोठा करायचा. मी तो बारीक करायचे. त्या गुरुवारी ती बहिणीला सांगत होती की आता सहन होत नाही, शनिवारी नवरा ड्युटीवर गेला की मुलीला घेऊन निघते, स्टँडवर घ्यायला ये. मला हे इतकं मोठं वाटलं की पोटात मावेना. दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण त्या बाईच्या शेजारी राहायची. शनिवारी नवरा ड्युटीवर गेलाच नाही. कपाटाची किल्ली त्याने स्वतःच्या खिशात घातली.

पुढच्या गुरुवारी ती बूथच्या पायरीशी येऊन उभी राहिली, आत आली नाही. तू होतीस त्या दिवशी. तिने हळू आवाजात विचारलं, तुमच्याकडून कोणी काही बोललं का. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला कळलं. तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. तू शटर ओढलंस, माझा दंड धरलास आणि कॅलिपर टकटक वाजवत दोन गल्ल्या चालत गेलीस, तिचा नवरा यायच्या आत. तिने दार उघडलं. तू म्हणालीस, "हिने ऐकलं आणि हिनेच सांगितलं. तुम्हाला काय बोलायचं ते बोला." ती माझ्याकडे बघत राहिली आणि आवाज न करता दार लावून घेतलं. येताना कोपऱ्यावरच्या नळाशी तू पाय मोकळा करायला थांबलीस. मला वाटलं आता ओरडशील. तू नळाकडे बघत म्हणालीस, "लोक आपल्याकडे बोलायला येतात गं. आपल्याशी नाही." त्यानंतर तू मला कधी बूथवर बसवलं नाहीस. धाकटा दहा वर्षांचा झाल्यावर त्याला बसवलंस, मला नाही. ती बाई पुढे गेली का, कुठे गेली, मला कळलं नाही. तुला कळलं असेल तर तू सांगितलं नाहीस, आणि मला विचारायची सोय नव्हती.

हे सगळं आठवत असताना मी त्याच रविवारी कॅमेरा लावला. बाबा झोपले होते. कपाटावर, घड्याळाच्या बाजूला. जागे झाल्यावर त्यांनी स्टुलावरच्या राउटरकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यां काय गो?" मी म्हणाले, नेट. कपाटाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही आणि मी सांगितलं नाही. सोमवारी आठ वाजता बाई आल्या, त्यांनाही सांगितलं नाही. चार दिवस बघू, मग सांगू, असं धाकट्याचं म्हणणं होतं. आधी सांगितलं तर ती सावध राहील ना ताई. मी हो म्हणाले. दिवसभर डब्याशी भांडून माझ्यात कोणाशी भांडायची ताकद उरली नव्हती. हे कारण म्हणून फार चांगलं नाही, पण खरं आहे.

सोमवारी दुपारी दीड वाजता लॅबच्या मागच्या खोलीत, सामानाच्या खोक्यांवर बसून मी कानात इअरफोन घातले आणि आपली खालची खोली माझ्या हातात उघडली. बाई बाबांना पेज भरवत होत्या. भरवता भरवता मनोरीचं काहीतरी सांगत होत्या, त्यांच्या दिराने जाळं विणताना स्वतःचाच अंगठा आत कसा गुंतवून घेतला, वगैरे. आणि बाबा हसत होते. आवाज येईल असं. आई, मी रोज संध्याकाळी घरी येते, विचारते जेवलात का, गोळी घेतली का, ते हो म्हणतात. आमचं तेवढंच बोलणं होतं. मला वाटत होतं झटक्यानंतर त्यांना बोलवत नाही.

मंगळवारी मी फोन उघडला तेव्हा बाई पलंगावरची चादर काढत होत्या. ओली होती. बाबा खुर्चीत, अंगावर टॉवेल. ते म्हणाले, "चेडवाक सांगू नको गो. रागावता ती." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. बाई म्हणाल्या, "नाय सांगत काका. उन्हात टाकते, बाय यायच्या आत सुकेल." मग बाबा थोडं थांबून म्हणाले की त्या दिवशीही तसंच झालं होतं. पहाटे जाग आली तर चादर ओली. सकाळी चेडवाक घाई आसता, तेका कामार जावचां आसता, म्हणून मीच धुवूक गेलंय, आणि पाय सरकलो. एवढंच. तक्रार केल्यासारखं नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं.

आता हे तुला सांगायलाच हवं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी अंथरूण ओलं केलं होतं. मला उशीर झाला होता, आधीच्या दिवशी लेट मार्क पडला होता, बाई बोट बंद म्हणून येणार नव्हत्या. मी त्यांच्या अंगाखालून चादर ओढून काढली, त्यांच्यासमोर बादलीत आपटली आणि ओरडले, "आता एवढंच राहिलं होतं. मी काय काय करू?" आणखीही काही बोलले. शेजारी ऐकू गेलं असेल. ते भिंतीकडे वळले. नंतर पुन्हा कधी चादर ओली दिसली नाही आणि मी मनात म्हणाले, बरं झालं, सुधारलं. मी खोक्यांवर बसून हे सगळं एकाच वेळी समजत होते आणि काउंटरवरून मला हाका मारत होते.

ऐकायचं थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. बुधवारी ऐकलं, गुरुवारी ऐकलं, शुक्रवारी ऐकलं. शनिवारी हाफ डे होता. घरी येऊन वर गेले आणि धाकट्याला फोन लावला. म्हणाले, "बाबा पडले तेव्हा त्या बाई नव्हत्या. सकाळचे सहा वाजले होते. घरात मी होते."

तो म्हणाला, "माहीत आहे मला. मंगळवारी ऐकलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मला भयंकर राग आला. चार दिवस हा तिकडे बसून माझी परीक्षा घेत होता. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, तूही ऐकतच होतीस ना ताई. मग त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "फक्त त्या बाईंसाठी नव्हता गं कॅमेरा. माझ्या जेवणाच्या वेळेला तुमच्याकडे दुपार असते, बाबा झोपलेले असतात. मी ताटासमोर लावून ठेवतो. ते झोपतात, मी जेवतो." आई, इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात खूप बोलले आहे. तिकडे बसून हुकूम सोडतो, काय कळतं त्याला. आणि तो एकटा ताटासमोर म्हाताऱ्याला झोपलेला बघत जेवत होता. दोघांनी मिळून बापाचं बोलणं चोरून ऐकलं, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, आणि एकमेकांना सांगितलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "काढून टाक तो. आणि बाईंना सांग." बाईंना मीच सांगायचं, हे अर्थात त्याने ठरवून टाकलं होतं.

सोमवारी मी उशिरा येते म्हणून लॅबला कळवलं आणि बाईंची वाट बघत थांबले. त्या आल्या, चपला काढल्या, मी कपाटावरून आधीच काढलेला तो गोळा हातात घेऊन सगळं सांगितलं. माझी चूक, भावाचा संशय, पाच दिवस ऐकलं ते. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग मोरीत जाऊन बाबांचा चहाचा कप विसळून आणला, पालथा घातला, आणि म्हणाल्या, "सांगायचं होतं ना बाय. बोटीवरून आले की केस सोडून बसते मी तिथं, वारा घेत." एवढंच म्हणाल्या. दिवसभर काम केलं, संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. फोन बंद. तिसऱ्या दिवशीही नाही.

दोन्ही दिवस मी रजा टाकून घरी राहिले. पहिल्याच सकाळी बाबांची चादर ओली होती. मी खाली उतरले तेव्हा ते जागे होते, पलंगाच्या कडेला सरकून बसलेले, आणि मला बघून घाईने म्हणाले, "पाणी सांडलां." तांब्या रिकामाच होता, बाजूला, कोरडा. मी म्हणाले, "हो, सांडलं." चादर बदलली, त्यांना कोमट पाण्याने पुसलं, लुंगी दिली. माझ्या हातून एकही भांडं आपटलं गेलं नाही, मी मुद्दाम सावकाश वागत होते आणि ते माझ्या हातांकडे बघत होते, कधी आपटतील याची वाट बघावी तसं. तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, चहात आलं घालू का. ते हो म्हणाले.

गुरुवारी बाई आल्या. पिशवी खुंटीला लावली, काकांनी पेज खाल्ली का विचारलं, कामाला लागल्या. त्याचा पुन्हा विषय नाही. फक्त पूर्वी त्यांची खुर्ची कपाटासमोर असायची, ती त्यांनी उचलून दारापाशी नेली आहे. कॅमेरा आता खोक्यात आहे, खोकं वर माझ्या कपाटात. मी त्यांना दोनदा सांगितलं की तिथे आता काही नाही. त्या हो म्हणतात आणि दारापाशीच बसतात.

डबा मात्र ठेवलाय. माझा जुना फोन बाबांच्या स्टुलावर उभा करून दिलाय आणि धाकटा रोज दुपारी त्याच्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करतो. आधी विचारतो, बाबा, बघू का. ते हो म्हणाले तर बघतो. दोघं फारसं बोलत नाहीत. तो जेवतो, बाबा त्याच्या ताटात काय आहे ते विचारतात. नेट एक दिवसाआड तुटतं. आत्ताही तुटलंय. रविवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत, खालून धाकट्याचा आवाज मध्येच बंद झाला आणि आता बाबा फोनवर बोटाने टकटक करताहेत. मी वर बसून तुला लिहितेय. खाली जाऊन बटण बंद करून पुन्हा चालू करायचं, दोन मिनिटांचं काम आहे, आणि मला त्या डब्याचं तोंड बघायची इच्छा होत नाही. डबा हे निमित्त झालं. जिना उतरले की त्या खोलीत आम्ही दोघंच असणार.

धाकट्याला सांगून झालं, बाईंना सांगून झालं, तुला तर पानंच्या पानं लिहून झाली. ज्यांच्यावर ओरडले त्यांना अजून एक शब्दही बोललेले नाही. हे तुला पोचणार नाही, म्हणून इतकं भराभर लिहिता आलं.